हात लिहायचा नाही

बेकवर्थ, कॅन्सस
१६ जानेवारी १९७८

प्रिय थेक्ला मावशी,

नाताळात तू आली नाहीस म्हणून आई अजून धुसफुसते आहे. "माझी मावसबहीण राजधानीत मोठी साहेबीण झाली, आता तिला आमचे कोबी भरलेले पाव कसले गोड लागतायत," असं ती पाद्रीबुवांच्या देखत म्हणाली. मी तुझी बाजू घेतली. गुडघा, बर्फ, बसचे सहा तास, सगळं सांगितलं. आईनं एकच विचारलं, "बसमध्ये बसून गुडघा दुखतो का?" आता तूच उत्तर दे.

माझं बरं चाललं आहे. येत्या मे महिन्यात न्यायाधीश स्ट्रॉथर यांच्या कोर्टात मला एकोणीस वर्षं होतील. एवढी वर्षं मी त्यांच्या डाव्या बाजूला, दीड फूट खाली, लघुलेखनाचं यंत्र घेऊन बसते आणि बोललेलं सगळं टिपते. स्वतः मात्र तोंड उघडत नाही. माझा नवरा अलॉइस म्हणायचा, "दिवसभर गिळलेलं सगळं घरी येऊन माझ्यावर ओततेस." तो गेल्यापासून तेही राहिलं.

पूर्वी आमच्याकडच्या निकालावर अपील म्हणजे नवल असायचं. तुमचं नवं अपील कोर्ट सुरू झाल्यापासून वर्षभरात बेकवर्थमधून पाच गेली. प्रत्येक वेळी मी यंत्रातल्या कागदी पट्टीवरच्या खुणा वाचून सगळं कामकाज टाइप करते, शेवटी 'हे खरं आणि पूर्ण आहे' असं लिहून सही करते आणि पाठवते. आत्ताच एक गेलं, एकशे बारा पानांचं. एका आईपासून तिची मुलगी कायमची काढून घेतली, त्याचं.

विचारायचं होतं की पाठवलेल्या नोंदीत काही राहून गेलं असं मागाहून लक्षात आलं, तर तुमच्याकडे काय करतात? सहज विचारते आहे.

तुझी
अडेलाइन

टोपेका
२७ जानेवारी १९७८

अडेल,

आईला सांग, गुडघा बसमध्ये बसून दुखत नाही, उतरताना दुखतो; आणि न उतरता तिच्या घरी कसं जायचं ते तिनंच सांगावं.

पान राहिलं असेल तर घाबरू नकोस. जिल्ह्यांतून आमच्याकडे काहीही येतं. मागच्या आठवड्यात एका खुनाच्या साक्षीच्या मधोमध चर्चच्या जेवणाची यादी आली, बटाट्याचं सॅलड कोण आणणार आणि ॲपल पाय कोण. मी ती मानानं परत पाठवली. तुझंही राहिलेलं पान पाठव, सोबत दोन ओळी लिही, लावून घेऊ.

माझ्या गळ्यात सध्या वेगळंच पडलं आहे. या वर्षी आम्ही विधानभवनातल्या अंधाऱ्या खोल्या सोडून समोरच्या नव्या इमारतीत जाणार. उद्घाटनाला वाटायला अपील कोर्टाच्या इतिहासाची पुस्तिका हवी. "थेक्ला चाळीस वर्षं या इमारतीत आहे, तीच इतिहास आहे," असं म्हणून साहेबांनी माझ्यासमोर कोरे कागद ठेवले.

तर इतिहास असा. राज्य झालं तेव्हा वरचं कोर्ट एकच, सर्वोच्च न्यायालय, त्यात तीन न्यायाधीश. पुढे खटल्यांचे ढीग लागले, लोक निकालाची वाट बघत म्हातारे झाले. म्हणून १८९५ साली मध्ये एक अपील कोर्ट बसवलं, उत्तरेला तीन न्यायाधीश, दक्षिणेला तीन. पण बसवतानाच सांगितलं होतं की सहा वर्षांनी उठायचं. ते बिचारे सहा वर्षं मान मोडून निकाल लिहीत राहिले, त्याचे दहा जाड खंड इथे कपाटात आहेत, आणि १९०१ च्या जानेवारीत गाशा गुंडाळून घरी गेले. त्यानंतर शहात्तर वर्षं काही नाही. परत ढीग लागले. गेल्या वर्षी सात न्यायाधीश नेमले आणि तेच कोर्ट पुन्हा उभं केलं. माझ्या चार पानांतलं हे एक पान. उरलेली तीन कशानं भरू?

एक गोष्ट तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे. अपिलात साक्षीदार येत नाही. कुणी रडत नाही, कुणाला घाम फुटत नाही. तीन न्यायाधीश खालून आलेले कागद वाचतात. कागदावर आहे ते घडलं, कागदावर नाही ते घडलं नाही. खालच्या कोर्टात वकिलानं हरकत घेतलेली कागदावर नसेल, तर वर येऊन रडून उपयोग नाही. नव्या पोरींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. त्या मान डोलावतात. मी म्हणते, "मान डोलावलेली कागदावर येत नाही, तोंडानं बोला."

मार्चमध्ये बघते जमलं तर.

थेक्ला

बेकवर्थ
२० फेब्रुवारी १९७८

मावशी,

'सहज' लिहिलं ते खोटं होतं. पान राहिलेलं नाही.

हे त्या लव्हीना प्रुइटच्या अपिलाबद्दल आहे. वय तेवीस, ओक्लाहोमाहून आलेली, हमरस्त्यावर ट्रकवाल्यांच्या खाणावळीत सकाळच्या पाळीला कामाला. मुलगी डेलिया, दोन वर्षांची. ऑगस्टमध्ये समाजकल्याण खात्यानं मुलगी उचलून शेतावरच्या एका कुटुंबाकडे सांभाळायला दिली. नोव्हेंबरात सुनावणी झाली. खात्याची बाई शपथेवर म्हणाली, "शेजारीण सांगते, ही मुलीला पहाटे एकटी कोंडून कामाला जाते." शेजारीण कोर्टात आलेली नव्हती. ऐकीव गोष्ट अशी साक्षीत येऊ देत नाहीत, हे आमच्या शिपायालाही माहीत आहे. लव्हीनाचा वकील ड्वाइट पेल अर्धा उठला. न्यायाधीशांनी डावा तळहात वर केला. पेल बसला. न्यायाधीश म्हणाले, "पुढे चला."

माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर काय आहे सांगू? बाईचं वाक्य, आणि त्याखाली 'न्यायाधीश : पुढे चला.' बस.

आमच्या कोर्टात ही जुनी रीत आहे. वकील अर्धा उठला म्हणजे हरकत आहे, तळहात वर झाला म्हणजे फेटाळली. वेळ वाचतो. नवा वकील आला की जुने त्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात, हात दिसला की बूड टेकायचं. मीसुद्धा पहिल्या आठवड्यातच शिकले. मी टाइप केलं होतं, 'न्यायाधीश हात वर करतात.' साहेबांनी लाल शाईनं रेघ मारली. म्हणाले, "अडेलाइन, हात लिहायचा नाही. इथे लोक तोंडानं बोलतात." तेव्हापासून टाइप करताना मी हात गाळते. पण पट्टीवर मात्र गाळला नाही. तिथे माझी स्वतःची एक खूण आहे, दोन कळा एकदम दाबते. का, ते मलाही सांगता येणार नाही. जे दिसलं ते बोटांतून जायचंच. नऊ नोव्हेंबरच्या पट्टीवर ती खूण आहे.

आता पेलनं अपिलात लिहिलं आहे की मी हरकत घेतली होती. सरकारी वकील गॅमन यांनी उत्तर दिलं, पान एक्केचाळीस बघा, कुठे आहे हरकत? शुक्रवारी पेल माझ्या टेबलाशी आला. कान लाल झालेले. म्हणाला, "मिसेस लायकर, मी उठलो होतो ना? मला आता वाटायला लागलंय की मी उठलोच नव्हतो." मी म्हटलं, "मला फाईल लावायची आहे." तो गेला.

लव्हीना मला रोज दिसते. कोर्टात येताना मी त्या खाणावळीतच कॉफी घेते. ती मला ओळखत नाही. यंत्रामागची बाई कुणी बघत नाही.

सोबतच्या पाकिटात एक्केचाळिसावं पान आहे, नवीन. त्यात एकच ओळ जास्त आहे: 'श्री. पेल हरकत घेतात. हरकत फेटाळली.' ती खरीच आहे. तुमच्या फाईलमधलं पान काढ आणि हे घाल. कुणाला कळायचं नाही, यंत्र तेच, रिबन तीच. तूच म्हणालीस की पाठव, लावून घेऊ.

साहेबांना यात आणायचं नाही. अलॉइसच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला होता.

अडेलाइन

टोपेका
२४ फेब्रुवारी १९७८
(रजिस्टर्ड)

अडेल,

तुझं पत्र दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीपर्यंत वाचलं. तिथे एक नाव आलं. ते नाव आमच्याकडच्या एका फाईलवर आहे, म्हणून मी पत्राची घडी घातली. आतलं छोटं पाकीट उघडलेलं नाही. बोटांना एक टाइप केलेलं पान लागलं, तेवढं पुरे झालं. उघडलं असतं तर ते साहेबांच्या टेबलावर ठेवणं मला भाग होतं, आणि तुझं लायसन्स महिन्याभरात गेलं असतं. पत्र आणि पाकीट दोन्ही परत पाठवते आहे. जाळ.

आज साहेबांना सांगितलं की त्या नंबरची फाईल माझ्या हातात देऊ नका. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, नातं. त्यांनी फाईल दुसऱ्या टेबलावर पाठवली.

पान लावून घेऊ म्हणाले ते राहिलेल्या पानाबद्दल. गेल्या वेळी मला तुझा प्रश्न कळला नाही, याची मला लाज वाटते. आता सगळ्यांना सांगते तेच तुला सांगते. नोंद अपुरी आहे असं कुणाला वाटत असेल तर वकिलानं खालच्याच कोर्टात अर्ज करायचा. ज्या न्यायाधीशासमोर ते घडलं, तोच ऐकून ठरवतो की काय घडलं होतं. त्याची सही झाली की दुरुस्ती आमच्याकडे येते. दुसरा रस्ता नाही. मागचा दरवाजा नाही, आणि असता तरी त्याची किल्ली माझ्याकडे नसती.

खटला संपेपर्यंत तुझी पत्रं मी उघडणार नाही. आईची तब्येत वगैरे काही असेल तर पाकिटाच्या कोपऱ्यात फुली मार, ते उघडेन.

थेक्ला

बेकवर्थ
३ एप्रिल १९७८
(कोपऱ्यात फुली)

मावशी,

यात खटला नाही, नुसता राग आहे, म्हणून फुली मारली.

तू मार्चमध्ये आली नाहीस. आईनं तुझ्यासाठी कणीक भिजवली होती. आम्ही दोघींनी तीन दिवस तेच पाव खाल्ले. तुझं पत्र मी जाळलं नाही, दोनदा वाचलं. 'सगळ्यांना सांगते तेच तुला सांगते.' मी लहान असताना गोवर झाला तेव्हा तू आठ रात्री माझ्या उशाशी बसली होतीस. ती बाई कुठे गेली? चाळीस वर्षं कागदांत बसून माणूस कागदासारखा होत असेल. मीही होते आहे. मला तुझी भीती वाटते ती त्यामुळेच.

'दुसरा रस्ता नाही' म्हणतेस ना, त्या एकुलत्या रस्त्यावर एक माणूस उभा आहे. रोज सकाळी तो माझ्यासाठी दार धरतो.

आईची तब्येत ठीक आहे.

अडेलाइन

टोपेका
१० एप्रिल १९७८

अडेल,

फुली मारून शिव्या घालायच्या, हे नियमात बसतं. वाचलं.

गोवर झाला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुला आंघोळ हवी होती. रडून घर डोक्यावर घेतलंस. मी दिली नाही. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. तेव्हाही तू म्हणाली होतीस की मी वाईट आहे.

पुस्तिकेची दोन पानं झाली.

थेक्ला

बेकवर्थ
१९ जून १९७८

मावशी,

कोपऱ्यात फुली नाही. तू हे उघडणार नाहीस, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

एप्रिलच्या शेवटी पेलला बोलावलं आणि पट्टीवरची खूण दाखवली. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग त्यानं अर्ज केला. साहेबांना मी आधी स्वतः जाऊन सांगितलं. ते फुलझाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "तुम्ही साक्ष देणार?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी लिहायला कुणीतरी दुसरं लागेल." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दार धरणं बंद.

बारा जूनला सुनावणी झाली. शेजारच्या जिल्ह्यातून ऑगस्टा फ्राय नावाची मुलगी यंत्र घेऊन आली, चोवीस वर्षांची, गालात च्युइंगगम. ती माझ्या जागेवर बसली आणि मी साक्षीदाराच्या खुर्चीत. एकोणीस वर्षं ती खुर्ची मी बाजूनं बघत होते. बसल्यावर कळलं की तिथून सगळे फार जवळ दिसतात. लव्हीना पेलच्या शेजारी होती, खाणावळीचा गणवेश घालूनच आलेली.

पेलनं विचारलं, "त्या वाक्यानंतर मी काय केलं?"

"तुम्ही अर्धे उठलात."

"न्यायाधीशांनी?"

"डावा हात वर केला."

"तुमच्या पट्टीवर हे आहे?"

"आहे."

"मग टाइप केलेल्या पानावर का नाही?"

मी साहेबांकडे बघितलं नाही. "या कोर्टात हात लिहायची पद्धत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, मोठा आणि घोगरा.

गॅमन ताडकन उठले. खासगी खुणांना पुरावा कसं म्हणायचं, असं काहीतरी ते सुरू करणार, त्यांचं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात साहेबांचा डावा हात वर गेला. नेहमीसारखा. गॅमन बसले. नेहमीसारखे.

आणि ऑगस्टाची बोटं थांबली. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "माफ करा, सर. मी बाहेरची आहे. ते आत्ता हाताचं काय लिहू?"

मागच्या बाकावर म्हातारा शिपाई ऑटो खोकला. ते दाबलेलं हसू होतं. साहेबांचा हात अजून वरच होता. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो कुणी दुसऱ्याचा आहे आणि टेबलावर विसरून राहिला आहे.

"तुम्हाला काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"हात, सर."

"मग हात लिहा." हात खाली घेत म्हणाले, "आणि पुढे लिहा, हरकत फेटाळली. मिस्टर गॅमन, तुम्ही हरकतच घेत होतात ना?"

"म्हणजे, तसं हो," गॅमन म्हणाले. मग आपण काय कबूल केलं हे त्यांच्या लक्षात आलं.

साहेबांनी दुरुस्तीवर तिथेच सही केली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. विचारणारं कुणी नव्हतं.

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या सुनावणीपासून कोर्टात सगळं तोंडानं म्हणतात. "मान्य." "फेटाळली." नवी भाषा शिकणाऱ्यासारखं, जरा जास्तच मोठ्यानं. जुने वकील दचकतात.

अडेलाइन

टोपेका
१ जुलै १९७८

अडेल,

पाकीट मिळालं. फुली नाही, म्हणून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. बरंच जाड आहे. डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, म्हणजे गुडघा मला तिथे चढू देणार नाही.

आम्ही नव्या इमारतीत आलो. संगमरवर इतका की हळू बोललं तरी सगळ्यांना ऐकू जातं. कुजबुजायची सोय राहिली नाही.

कामाची एक गोष्ट सांगते. ती कोर्टाच्या फलकावर लागलेली आहे, म्हणजे ती कुणालाही सांगता येते. आमचे न्यायाधीश टोपेकात बसून राहत नाहीत. तिघातिघांचे गट करून राज्यभर फिरतात, म्हणजे लोकांना वकिलासह राजधानीला यावं लागत नाही. तुमच्या बाजूला सप्टेंबरच्या चौदा तारखेला येतील, हेजला. त्र्याऐंशी वर्षांपूर्वीचे ते सहा जणही असेच गावोगाव जायचे. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर हे घेतलं आहे.

आईच्या पावांची कृती पाठव. मी विचारली असं सांगू नकोस.

थेक्ला

बेकवर्थ
१७ सप्टेंबर १९७८

मावशी,

हेही डब्यात टाक.

चौदा तारखेला रजा काढून हेजला गेले. सकाळी खाणावळीची मालकीण म्हणाली की लव्हीनाला न्यायला कुणी नाही, म्हणून मीच गाडीतून नेलं. मी कोण हे तिला जूनपासून माहीत होतं. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर कापलेल्या गव्हाच्या रानाकडे बघत होती. तिनं नवा निळा पोशाख शिवून घेतला होता आणि एका कागदावर काय बोलायचं ते लिहून आणलं होतं.

मी तिला सांगायला हवं होतं. रस्ताभर धीर झाला नाही.

तीन न्यायाधीश आले. पेलला पंधरा मिनिटं, गॅमनना पंधरा. वकिलासमोर छोटे दिवे, हिरवा, पिवळा, लाल. मधले न्यायाधीश अगदी मवाळ बोलत होते. ते म्हणाले, "मिस्टर गॅमन, शेजारणीचं ते वाक्य काढून टाकलं तर या मुलीला आईपासून तोडायला तुमच्याकडे काय उरतं?" गॅमन खूप बोलले. लाल दिवा लागला. तिघे उठून आत गेले.

लव्हीना कागद धरून बसली होती. तिनं मला विचारलं, "मला कधी बोलावतात?"

मी म्हटलं, "ते कुणालाच बोलावत नाहीत."

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"ते कागद बघतात."

तिनं तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. परतताना ती झोपली, की तिनं डोळे मिटून घेतले, कुणास ठाऊक.

अडेलाइन

टोपेका
८ डिसेंबर १९७८

अडेल,

निकाल आज सकाळी दहा वाजता जाहीर झाला, म्हणजे आता तो सगळ्यांचा आहे. खालचा हुकूम रद्द. दुसऱ्या न्यायाधीशासमोर नव्यानं सुनावणी. अकरा पानं. त्यात तुझं नाव नाही, 'दुरुस्त केलेल्या नोंदीवरून दिसते की' एवढंच आहे.

पेल तिला सांगेलच. तिला मुलगी मिळाली असं मात्र सांगू देऊ नका. आम्ही मूल परत देत नाही. पुन्हा नीट ऐका, इतकंच सांगतो.

दुपारी घरी आले, खुर्ची लावली, गुडघ्याला न विचारता चढले आणि डबा काढला. दोन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली. फेब्रुवारीचं तू मला परत पाठवणार नाहीस, आणि पाठवूही नकोस. त्यात काय होतं ते आता कळलं. जूनचं पत्र मी उभ्यानं वाचलं. बसायचं सुचलं नाही.

एक कबुली देते. फेब्रुवारीत ते छोटं पाकीट मी रात्रभर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं होतं. केटलीच्या वाफेवर धरलं की डिंक सुटतो, हे मला माहीत आहे. केटली ठेवलीही होती. मग त्या पाण्याचा चहा केला. तू मला कागद म्हणालीस ते मला लागलं, कारण त्या रात्री मी कागद नव्हते.

चाळीस वर्षांत किती नावं माझ्या हाताखालून गेली. एकीनंही निळा पोशाख शिवला असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

नाताळाला येते. बसमधून उतरायला ऑटोला पाठव, तो खोकला तरी चालेल.

थेक्ला

बेकवर्थ
२५ फेब्रुवारी १९७९

प्रिय मावशी,

तू गेल्यापासून आई शेजारणींना सांगत फिरते आहे की थेक्लानं नऊ पाव खाल्ले. सात होते, मी मोजले होते, पण मी बोलले नाही.

परवा दुसरी सुनावणी झाली. पलीकडच्या जिल्ह्याचे न्यायाधीश आले होते, लिहायला ऑगस्टा. मला काम नव्हतं. मागच्या बाकावर बसले.

या वेळी शेजारणीला स्वतः यावं लागलं. व्हर्ना किंबल तिचं नाव. पेलनं विचारलं, "मुलगी एकटी कोंडलेली तुम्ही कितीदा पाहिलीत?"

ती म्हणाली, "मी? मी नाही पाहिली. केस कापायच्या दुकानात बोलत होत्या बायका."

"लव्हीना कामाला जायची तेव्हा वर तिच्या खोलीत कुणी येताना दिसायचं?"

"घरमालकीण यायची की. म्हातारी रोज पहाटे जिना चढायची, तिच्या चपलांनी माझी झोप जायची. पण मला हे कुणी विचारलंच नाही कधी."

दीड वर्षं, मावशी, आणि ते चार वाक्यांत संपलं. न्यायाधीशांनी तिथेच हुकूम दिला, मुलगी आईकडे. मोठ्यानं, स्पष्ट. ऑगस्टाची बोटं क्षणभरही थांबली नाहीत.

साहेब सुनावणीला आले नव्हते. ते जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "आज आहे ना ते?" मी हो म्हटलं. त्यांनी दार धरलं.

दुपारी सांभाळणाऱ्या बाई डेलियाला घेऊन आल्या. शेतकरीण, भरदार, डोळे सुजलेले. मुलगी साडेतीन वर्षांची झाली आहे, लाल कोट, स्वच्छ वेण्या. तिला व्हरांड्यातल्या लांब बाकाच्या एका टोकाला बसवलं, हातात तिची पिशवी दिली, गालाचा मुका घेतला आणि त्या बाई मागे न बघता जिना उतरून गेल्या. मुलगी रडली नाही. ती जिन्याकडे बघत राहिली.

लव्हीना मला शोधत आली. मला वाटलं आभार मानायला. मी मनात 'छे, छे, त्यात काय' असं तयारही केलं होतं.

"मिसेस लायकर, एक विचारू?"

"विचार ना."

"तो हात तुम्हाला त्याच दिवशी दिसला होता ना? नंतर नाही आठवला?"

"त्याच दिवशी."

"मग तेव्हाच का नाही लिहिलात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बस किती वाजता सुटते असं विचारावं, तसं तिनं विचारलं. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं आमच्याकडे ती पद्धत होती."

ती म्हणाली, "ती तेव्हा दोन वर्षांची होती."

मग ती जाऊन त्या बाकावर बसली, मुलीला खेटून नाही, दुसऱ्या टोकाला. घरमालकिणीनं खाली गाडी चालू करून ठेवली होती, दोनदा हॉर्न दिला. लव्हीना उठली नाही. मुलगी एकदा तिच्याकडे बघायची, एकदा जिन्याकडे. मी कोट घालून निघाले तेव्हा पावणेपाच झाले होते आणि दोघींमध्ये अजून अर्ध्या बाकाचं अंतर होतं.

तुझी
अडेलाइन